बांधावरचा गोरा

सिद्धूनं पहारीचं टोक धोंड्याच्या बुडाशी सरकवलं आणि तसाच उभा राहिला. मार्गशीर्षातलं ऊन कोवळं होतं, तरी त्याच्या मानेवरून घाम उतरत होता.

“लाव की जोर,” हरणाबाई म्हणाली. “का उठून इंग्रजीत शिव्या देईल म्हणून भ्यालास?”

“भ्यालो न्हाई मावशी. पर भरदुपार हाय.”

“मग? गोरी भुतं काय दुपारची निजत्यात?”

बांधावर उकिडवा बसलेला जोतीराम हसला. ते हसणं सिद्धूला लागलं. त्यानं हातावर थुंकून पहार घट्ट धरली, पण दाबली नाही. धोंडा कमरेएवढा होता. शेंदूर नव्हता, नुसत्या तेलानं काळा झालेला. पुढ्यात विड्यांची थोटकं पडली होती आणि कुणीतरी ठेवलेलं बिस्कीट मुंग्या ओढून नेत होत्या.

वाडीत त्या धोंड्याला नुसतं ‘गोरा’ म्हणत. वडूजहून येणारी गाडीवाट हरणाबाईच्या रानाच्या कडेनं जायची आणि गोरा नेमका वाटेवरच, तिच्या बांधावर. त्याला कोंबडं चालत नसे, विडी लागे, आणि तीही पेटवून. पलटणीतून रजेवर आलेले गडी पेटी खाली ठेवून, टाचा जुळवून त्याला सलाम ठोकत आणि मगच घराकडं वळत. त्यात थट्टा किती आणि भीती किती, हे त्यांचं त्यांनाच ठाऊक. एका हवालदारानं म्हणे सलाम केला नाही, तर त्याच आठवड्यात त्याचा बैल लंगडा झाला. यात बैलाचा काय गुन्हा, असं वाडीत कुणी विचारलं नाही.

गोऱ्याची हकिगत शेंबड्या पोरालाही पाठ होती. तीसेक वर्षांपूर्वी, पहिल्या लढाईच्या आधी, एक साहेब या मुलखात जमिनीच्या मोजणीला आला होता. हरणाबाईचा नवरा तात्याबा आणि तिचा धाकटा दीर कोंडीबा, या दोघा भावांची मेंढरं राखायची हातोटी त्यानं पाहिली. साहेबाला पुढं हिमालयापल्याड जायचं होतं. कुणी नकाशा काढला नव्हता असा तो मुलूख, आणि तिकडं ओझी न्यायची ती मेंढरांच्या पाठीवरून. पीठ, मीठ, तंबूच्या खुंट्या, सगळं मेंढरांवर. साहेबानं दोघांना बरोबर नेलं. दोन वर्षांनी कोंडीबा एकटाच परत आला. डाव्या पायाची दोन बोटं नव्हती आणि काखेत मेणकापडाचं गाठोडं होतं. साहेब बर्फात गेला, असं त्यानं सांगितलं. मरताना म्हणाला, माझ्या वस्तू तरी उबदार मातीत ठेव, नाहीतर मी इथंच गारठून फिरत राहीन. आणि दादा? दादा मागं राहिलाय, मेंढरं आणि सामान सांभाळायला. येईल.

कोंडीबानं ते गाठोडं बांधावर पुरलं, वर धोंडा उभा केला आणि भंडारा उधळला. लांब मेलेल्या माणसाला जागा दिली नाही तर तो वाट चुकतो, हे वाडीत सगळ्यांनाच माहीत होतं. मेलेला साहेब असला म्हणून त्यात फरक पडत नव्हता. 

तात्याबा मात्र आला नाही. सासू वाट बघून बघून गेली. हरणाबाईनं ना कुंकू पुसलं, ना जोडवी उतरवली. बारा वर्षं उलटल्यावर भावकीतल्या म्हाताऱ्यांनी तिला सांगून पाहिलं, पुतळा करून अग्नी देऊ, त्यालाही वाट मोकळी होईल आणि तुलाही. “जित्या माणसाला अग्नी देताय? आधी तुमच्या पुतळ्याला द्या,” असं म्हणून तिनं त्यांना उंबऱ्यावरूनच परतवलं. मग ती एका देवऋषाकडं गेली. त्यानं सुपात जोंधळे टाकून बघितलं आणि सांगितलं, मालक हाय, पर दुसऱ्याच्या हुकमात हाय.

झालं. हरणाबाईच्या डोक्यात त्या दिवसापासून एकच गोष्ट पक्की बसली. साहेब मेला, पण चाकरी सुटली नव्हती. ज्याचं ठाणं इथं, त्याचा हुकूम तिथं. तिच्याच बांधावर बसून तो गोरा तिकडं तिच्या नवऱ्याला राबवत होता. हा धोंडा उठेपर्यंत तात्याबाची सुट्टी होणार नव्हती, आणि तो आल्यावाचून तिला मरायचं नव्हतं.

म्हणून रोज सकाळी रानात जाताना ती गोऱ्यापुढं उभी राहायची, पदर खोचायची आणि तोंड सोडायची. “मुडद्या, तुझ्या मढ्यावर माती पडली तरी तुझी हाव फिटंना व्हय रं? सोड माझ्या माणसाला!” इथून सुरुवात व्हायची आणि शेवट कुठं होईल याचा नेम नसे. वाटेनं जाणारे गाडीवान बैल थांबवून ऐकत बसत. कोंडीबा तेवढा वेळ मेंढरांची वाघर शिवायला बसे. त्या जाळ्याला रोज इतकी भोकं कुठून पडत होती, देव जाणे. एरवी तो गरीब माणूस, भावजयीच्या शब्दाबाहेर जात नसे. धोंडा काढायची गोष्ट निघाली की मात्र अडून बसायचा. “मेल्याल्याला शब्द दिलाय, वैनी,” एवढंच म्हणायचा.

जोतीराम हा वाडीशेजारच्याच गावचा. माधवनगरच्या मिलमधलं काम सोडून गेल्या साली ऑगस्टात तो चळवळीत गेला. साताऱ्यात त्याच्या नावाचं वॉरंट निघालं होतं आणि सिद्धूला बरोबर घेऊन तो या वस्तीवरून त्या वस्तीवर राहत होता. चार दिवसांपूर्वी दोघं हरणाबाईकडं भाकरीला थांबले. तिनं पोटभर वाढलं, हात धुवायला पाणी दिलं आणि मग विचारलं, “गोऱ्याचं राज्य उठवायला निघालाय नव्हं तुमी? मग आधी माझ्या बांधावरचा गोरा उठवा. दिल्लीचा मागनं बघू.”

आज कोंडीबा वडूजच्या बाजाराला गेला होता. त्याची बायको-पोरं मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरलेली. अडवायला कुणी नव्हतं.

“हो बाजूला,” हरणाबाईनं सिद्धूच्या हातातली पहार ओढली. “मीच लावते.”

तेव्हा कुठं सिद्धूनं अंग टाकलं. जोतीरामही उठून भिडला. धोंडा कुरकुरला, हलला आणि एका कुशीवर पडला. पडताक्षणी सिद्धूचा हात आपोआप कपाळाकडं गेला. जोतीरामनं तो खाली ओढला.

खालची माती हरणाबाईनं स्वतः खुरप्यानं उकरली. फार खोल जावं लागलं नाही. मेणकापड कडक झालं होतं, घड्यांवर चिरलं होतं, पण कुजलं नव्हतं. जोतीरामनं सुतळी कापून ते उलगडलं आणि आतलं एकेक बाहेर काढून मातीवर मांडलं. काळ्या काचांचा चष्मा निघाला, त्याला दोन्ही कडांनी कातडं शिवलेलं. केस झडलेला दाढीचा ब्रश. विलायती चिलीम, ओढायच्या टोकावर दातांच्या खुणा. पांढरं टमरेल, त्याच्या बुडाला कुणीतरी सुरीच्या टोकानं दोन इंग्रजी अक्षरं कोरलेली. सिद्धूनं चष्मा डोळ्यांसमोर धरून सूर्याकडं बघितलं आणि लगेच खाली ठेवला.

हरणाबाई त्या वस्तूंकडं बघत राहिली. इतक्या वर्षांत तिनं मनात काय काय धरलं होतं. तलवार असेल, बंदूक असेल, सोन्याची साखळी असेल.

“एवढंच?” ती म्हणाली. “एवढ्याशा जोरावर हुकूम चालवत व्हता?”

“साहेबबी माणूसच की,” जोतीराम म्हणाला.

“जाळा. सगळं जाळा. तुराट्या आणा रं.”

सिद्धू तुराट्या आणायला वळला. जोतीरामनं मेणकापड झटकलं तशी घडीत अडकलेली एक लहानशी पुरचुंडी खाली पडली. धडप्याचा मूळ रंग कोणता होता ते कळत नव्हतं, भंडाऱ्यानं पिवळं झालं होतं. त्यानं गाठ सोडली.

“आरं तिच्यायला! सिद्धू, ह्ये बघ. साहेब करगोटा घालत व्हता.”

“मग धोतरबी नेसत आसंल,” सिद्धू म्हणाला आणि दोघं खो खो हसले.

हरणाबाईनं हात पुढं केला. जोतीरामनं हसत हसतच चांदीचा करगोटा तिच्या तळहातावर ठेवला.

आकड्यापाशी तांब्याची बारीक तार गुंडाळलेली होती. निजताना कुशीवर वळलं की आकडा टोचतो, अशी तक्रार होती. म्हणून लग्नाच्या दुसऱ्या वर्षी, दिवा जवळ घेऊन, तिनंच ती तार गुंडाळली होती. आकडा अजून लागलेला होता. करगोटा तोडला होता तो दुसऱ्या बाजूला, मधल्या कड्यांतून. बारशापासून बांधलेला करगोटा गडी जन्मभर कमरेवरून उतरवत नाही. झिजला तर आधी नवा बांधतो, मग जुना सोडतो. तो तोडला जातो एकदाच, आणि तोडणारे हात दुसऱ्याचे असतात.

जोतीरामनं तिच्या चेहऱ्याकडं बघितलं, मग तिच्या हाताकडं. त्याचं हसू गेलं.

“मावशी...”

“काय मावशी?” ती त्याच्यावर खेकसली. “बक्षीस घेतला आसंल कुणाकडनं तरी. गोऱ्यास्नी आपल्या वस्तूंची हौस आसती. बांध त्ये सामान परत.”

“बांधू?” सिद्धू तुराट्यांची पेंढी घेऊन उभा होता. “आत्ता जाळायचं म्हणाला व्हता की!”

“आता न्हाई म्हणती. मेल्याल्या माणसाबरुबर कसलं वैर? धोंडा उभा कर.”

“आवं, एवढा घाम गाळून...”

“उभा कर म्हणत्यात तर कर की रं,” जोतीराम म्हणाला. त्यानं टोपी काढली, कपाळ पुसलं आणि टोपी थोडा वेळ हातातच धरून उभा राहिला.

धोंडा पुन्हा उभा राहिला, थोडा कललेला. पोरं गेली. करगोटा गाठोड्यात परत गेला नव्हता, तो हरणाबाईच्या मुठीत होता. ती गोऱ्यापुढं बसली. आज सकाळीच ती याच जागेवर उभी राहून काय काय बोलली होती, ते तिला शब्दन् शब्द आठवलं. काल काय बोलली तेही आठवलं. तिला लाज वाटली, मरणाची लाज वाटली. तिनं बिस्किटावरच्या मुंग्या बोटानं बाजूला केल्या, मग ते बिस्कीटच उचलून लांब फेकलं. तात्याबाला गोड आवडत नव्हतं.

दिवस मावळायला कोंडीबा लंगडत आला. धोंड्याच्या बुडाची उकरलेली माती त्याला दिसली असणार, कारण घरात येताना त्यानं नेहमीसारखी हाक मारली नाही. ओसरीवर बसून त्यानं पिशवीतून एकेक बाहेर काढलं. मीठ. तंबाखू. कुंकवाची पुडी. कुंकू दर वेळी तोच आणायचा, न सांगता.

“पोरांनी उकारलं?” त्यानं विचारलं.

“मी उकारायला लावलं.”

हरणाबाईनं मूठ उघडून करगोटा कुंकवाच्या पुडीशेजारी ठेवला. कोंडीबानं त्याला हात लावला नाही. त्यानं दोन्ही हात काखेत घातले.

“कवा?” ती म्हणाली.

“दुसऱ्या थंडीत.”

“आन् साहेब?”

“साहेब कुटला मरतोय. विलायतेला गेला. त्ये सामान जाताना त्येनंच दिलं मला. बक्षीस म्हणून.”

हरणाबाईला क्षणभर काही उमगेना. “म्हंजी? गोरा मेलाच न्हाई?”

“मी बघितला तवा तर घोड्यावर बसला व्हता.”

“मग हितं सलाम ठोकत्यात ती कुणाला?”

कोंडीबा करगोट्याकडं बघत राहिला. 

“आईनं जाताना सांगितल्यालं,” तो म्हणाला. “दोघं जाताय, दोघं या. एकटा आलास तर त्वांड दावू नगंस. मी आलो तवा आई दारात उभी. तिच्या मागं तुमी. कपाळभर कुंकू. सगळ्या वाटंनं म्हणत आल्तो, सांगायचं, सांगायचं. आन् तोंडातनं निघालं, साहेब मेला. येक माणूस मेला, एवढं खरंच सांगितलं, वैनी. माणूस तेवढा बदलला.”

“आई गेल्यावर सांगायचं व्हतं.”

“सांगणार व्हतो. उद्या सांगू, उद्या सांगू म्हणत ऱ्हायलो.”

“आन् ह्ये?” तिनं पुडी उचलली. “ह्ये कुणाच्या नावाचं आणत व्हता, भावजी?”

 हरणाबाईनं पुडी भिंतीवर फेकली. ती फुटली आणि लाल भुकटी ओसरीवर सांडली, मिठावर, तंबाखूवर, कोंडीबाच्या गुडघ्यावर.

“इतकी वरसं मी त्येस्नी मुडद्या म्हणली! रोज! वाटंवरच्या लोकांस्नी ऐकू जाईल असं! त्येंच्या मढ्यावर थुकली मी. आन् तुमी वाघर शिवत बसत व्हता? जीभ झडली न्हाई तुमची?”

“मी ऐकत व्हतो,” कोंडीबा म्हणाला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि तो ते पुसत नव्हता. “रोज ऐकत व्हतो. मनात म्हणायचो, दादा, वैनी आली बघ.”

मग हरणाबाई रडली. सासू गेली तेव्हाही ती अशी रडली नव्हती. तेव्हा नवरा यायचा होता, त्याच्या गळ्यात पडून एकदाच काय ते रडू, असं तिनं ठरवून ठेवलं होतं. आता ठेवायचं कशासाठी? ती जमिनीवर हात आपटून रडली, ऊर बडवून रडली. शेजारची बाई दारापर्यंत आली, तिला कोंडीबानं हातानंच परत जा म्हणून खुणावलं.

रडणं ओसरल्यावर ती भिंतीला टेकून बसली. अंधारून आलं होतं. दिवा कुणी लावला नव्हता.

“थंडी लय व्हती?”

“व्हय.”

“अंगावर काय व्हतं त्येंच्या?”

“तुमी सूत काढल्यालं घोंगडं. त्यातच गुंडाळून ठेवला. लाकूडच मिळत न्हाई त्या मुलखात, वैनी. वर दगुड रचलं. मेंढरं भवतीनं उभी व्हती. मी बिरोबाचं नाव घेतलं आन् करगोटा तोडला.”

“काय म्हणालं का?”

कोंडीबानं उपरण्यानं तोंड पुसलं. “पाय काळं पडल्यालं. साहेबानं दिल्याली पायताणं फाटून गेल्ती. म्हणत व्हता, कोंड्या, माझं पाय कुटं गेलं बघ रं.”

हरणाबाईनं पदराचा बोळा तोंडात धरला. मग सोडला. उठून चाचपडत तिनं दिवा लावला, ओसरीवरचं कुंकू केरसुणीनं गोळा करून एका पानात भरलं आणि कोनाड्यात ठेवलं. कोंडीबा तिच्या हालचालींकडं बघत होता.

“उद्या सकाळी भावकीत सांगा,” ती म्हणाली. “सांगावा आला म्हणावं. पलटणीतल्या कुणीतरी आणला. तिकडंच वारलं म्हणावं. औंदा.”

“औंदा?”

“औंदाच.”

“वैनी, आणखी येक खोटं...”

“मग काय खरं सांगताय? तीस वरसं दडवलं म्हणून भावकी तुमच्या तोंडात श्याण घालंल. तुमची पोरं लग्नाची हाईत. आन् मला म्हणत्याल, रांडमुंड बाई कपाळ रंगवून फिरत व्हती.” तिनं कपाळावर बोट टेकवलं. “मी लावलं ते त्येंच्याच नावाचं लावलं. त्ये कुणी खोटं म्हटल्यालं मला खपायचं न्हाई. तुमी तुमचं खोटं केलं. आता माझं येक करा.”

कोंडीबानं वाकून तिच्या पायाला हात लावला. तिनं पाय मागं घेतला नाही.

दुसऱ्या दिवशी वाडीत सांगावा फिरला. भावकीतल्या बायका आल्या, बांगड्या फोडल्या, जोडवी काढली. बायका रडल्या आणि रडता रडता एकमेकींना म्हणाल्या, बघा, म्हातारीची माया कशी खरी ठरली, मालक इतकी वर्षं जिताच होता की! देवऋषाचा भाव त्या महिन्यात चांगलाच वाढला. कोंडीबानं डोकं भादरून दहावं घातलं. त्या दिवशी जोतीराम आला. पोलीस वडूजपर्यंत येऊन गेले होते, तरी आला. पंगतीत न बसता तो गोठ्यापाशी उभा राहिला आणि हरणाबाई पाण्याला बाहेर आली तेव्हा हळूच म्हणाला, “मावशी, त्या धोंड्याचं काय करायचं?”

“राहू दे तिथंच.”

“लोक गोराच म्हणत्यात.”

“म्हणू द्यात. शिपाई सलाम करत्यात नव्हं? करू द्यात.”

जोतीरामनं मान हलवली. जाताना तो गाडीवाटेनं गेला. चळवळीतला माणूस, कुठल्या साहेबाला सलाम न ठोकणारा. धोंड्यापाशी तो थांबला, चपला काढल्या, नमस्कार केला आणि पुढं गेला.

पुढच्या बाजाराला हरणाबाई स्वतः कोंडीबाबरोबर वडूजला गेली.  कोंडीबा मिठाच्या दुकानाकडं वळला आणि ती भाऊसो सोनाराच्या पेढीवर चढली. मोकळं कपाळ घेऊन बाजारात यायची तिची ही पहिलीच वेळ. पदर तिनं डोळ्यांपर्यंत ओढला होता. तिनं पुरचुंडी सोडून तोडलेला करगोटा पुढं ठेवला.

“टाक करायचा हाय,” ती म्हणाली.

भाऊसोनं करगोटा हातात फिरवून बघितला. धनगरांच्या देव्हाऱ्यात बसवायचे टाक तो वडिलांच्या वेळेपासून करत होता. देवांचे करायचा आणि घरातल्या गेलेल्या माणसांचेही करायचा. चांदीच्या पत्र्यावर ठोकून उठवलेली बोटाएवढी माणसं.

“बिरोबाचा करू का घरच्या माणसाचा?”

“घरच्या.”

“पुरुष?”

“व्हय.”

“मग घोड्यावर बसवतो. हातात तलवार.”

“घोडा नगं. तलवारबी नगं. उभा करा. खांद्यावर घोंगडं आन् शेजारी मेंढरू.”

भाऊसोला हसू आलं, पण त्यानं ते आवरलं. गिऱ्हाईक म्हणेल तसं. त्यानं तांब्याचा एक जुना तुकडा घेतला आणि दाखवण्यापुरतं त्यावर खिळ्यानं कोरायला लागला. डोकं, मुंडासं, खांद्यावरून पडलेलं घोंगडं. मेंढरू जरा कुत्र्यासारखं झालं. ते हरणाबाईनं सांगून दुरुस्त करून घेतलं. मग दोन सरळ रेघा ओढून त्यानं पाय काढले आणि तुकडा तिच्यापुढं धरला.

हरणाबाई वाकली. तिनं पायांच्या रेघांवरून बोट फिरवलं.

“पायात काय तरी घाला की.”

“टाकावरच्याला पायताण नसतंय मावशी,” भाऊसो समजुतीनं म्हणाला. “देव्हाऱ्यात बसायचं नव्हं त्येनं? सगळी अनवाणीच आसत्यात.”

“घाला,” हरणाबाई म्हणाली. “लय लांबनं चालत आल्यात त्ये.”